हिरडीआडची गोळी

विनातिकीट माणूस ओळखायचा तर त्याच्या तोंडाकडे बघायचं नसतं. तोंड सगळ्यांचं सारखंच भोळं असतं. तपासनीस गाडीत चढला की ज्याच्याकडे तिकीट आहे तो माणूस ते शोधत बसतो, या खिशातून त्या खिशात हात घालतो, वैतागतो, घामाघूम होतो. ज्याच्याकडे नाही तो खिडकीबाहेर बघत शांत बसलेला असतो. मी कराड आगारात आधी कंडक्टर होते आणि नंतर मार्ग तपासणी पथकात निरीक्षक. वैजयंता शेलार गाडीत चढली म्हटल्यावर भल्याभल्या कंडक्टरांची बोबडी वळायची. संशय घ्यायचा मला पगार मिळायचा. निवृत्त झाल्यावर पगाराचं पेन्शन झालं, संशयाचं काही झालं नाही.

तेव्हा शांत माणसांविषयी माझं मत काय आहे ते कळलंच असेल.

आमचे हे गेल्यावर मला झोप लागेना. उठून गॅसचं बटण बघायचं, दाराची कडी बघायची, परत गॅसचं बटण. कामाला येणाऱ्या बाईची पिशवी मी तपासली आणि ती काम सोडून गेली. माझा मुलगा धैर्यशील दातांचा डॉक्टर आहे. विद्यानगरात आमच्या घराच्याच पुढच्या दोन खोल्यांत त्याचा दवाखाना. तो म्हणाला, "आई, तू स्वतःला त्रास करून घेतीयस आणि आम्हालाही." सून केतकी त्याच्या मागं उभी होती. ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला जास्त ऐकू येतं.

मग डॉ. आफरीन मुल्ला यांनी मला सौम्यक सुरू केली.

सौम्यक आता घरोघरी आहे. म्हाताऱ्या माणसांची घालमेल, उगाचची भीती, मोडलेली झोप, सगळ्यांवर एकच निळी गोळी. भिंतीला एक छोटं यंत्र लावून देतात. वेळ झाली की ते बाईच्या आवाजात हाक मारतं, गोळी पुढं करतं आणि गिळल्यावर "काकू, आ करा" म्हणून तोंडात बघतं. कराडात त्या यंत्राला सगळे गोळीबाई म्हणतात. शिवाय मनगटाला एक पट्टी असते. ती घामावरून अंगातलं औषध मोजते आणि आकडा थेट डॉक्टरकडे जातो. म्हणजे तपासनीसावर तपासनीस. व्यवस्था चोख होती, एवढं मी मान्य करते.

पण मी रेखा जगदाळेला बघून आले होते.

रेखा माझ्याबरोबरच कंडक्टर झाली. तोंडाची इतकी फटकळ, की एकदा वर्दीतल्या फौजदाराला तिनं तिकिटावरून भर घाटात गाडीतून उतरवलं होतं. सौम्यक सुरू झाल्यावर वर्षाच्या आत तिनं घर मुलाच्या नावावर केलं आणि पाचवडजवळच्या 'विसावा' नावाच्या निवासात राहायला गेली. मी भेटायला गेले तर व्हरांड्यात खुर्चीवर बसलेली. "सगळी चांगली माणसं हायत गं," म्हणाली. खोलीची किल्ली कुठाय विचारलं तर म्हणाली, असंल त्यांच्याकडं. मुक्कामाच्या गाडीवर तिकिटांची पेटी उशाखाली घेऊन झोपणारी बाई. तिला स्वतःच्या खोलीची किल्ली कुठं आहे ते ठाऊक नव्हतं, आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. परत येताना मी ठरवलं की ही गोळी माझ्या पोटात जाणार नाही.

गोळीबाईला फसवायचं कसं, याची सोय माझ्या तोंडातच होती. मी मशेरी लावते. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, चुरायची, बोटानं दातांना घासायची आणि उरलेली चिमूट गालाआड मागच्या हिरडीपाशी ठेवून द्यायची. पहाटेची ड्यूटी असायची तेव्हा आगारातल्या आम्ही बऱ्याच बायका लावायचो. मुलगा दातांचा डॉक्टर झाला, त्याच्या दवाखान्यात तंबाखूनं सडलेल्या जबड्याचं चित्र लागलं, आणि माझी मशेरी चोरून सुरू झाली. बामच्या रिकाम्या डबीत भरून ती मी साड्यांच्या कपाटात ठेवायचे. घरात कुणालाही पत्ता नव्हता. धैर्यशीलनं सगळ्या गावाचे दात बघितले, पण माझं तोंड मी त्याला कधी उघडून दाखवलं नाही.

वर्षानुवर्षं तिथंच चिमूट ठेवून हिरडी आणि गालाच्या मध्ये चांगली बेचकी झाली होती. निळी गोळी तिथं बरोबर बसायची. गोळीबाई म्हणायची आ करा, मी आ करायचे, ती म्हणायची छान. केतकी कॉलेजात शिकवायला आणि धैर्यशील दवाखान्यात गेला की मी मोरीत जाऊन सगळं थुंकून टाकायचे. तोवर गोळी बरीचशी विरघळलेली असायची. पण विरघळली म्हणून काय झालं? मी गिळत तर नव्हते. औषध पोटात गेलं तरच लागू पडतं असा माझा समज होता, आणि तो शिकल्यासवरल्या लोकांचाही असतो.

थोड्याच दिवसांत माझं डोकं असं लख्ख चालायला लागलं की मलाच नवल वाटलं. ती आधीची घालमेल गेली. एकेक गोष्ट स्वच्छ दिसायला लागली. मी खोलीत आले की केतकी फोन उलटा ठेवते. धैर्यशील माझ्याशी बोलताना आवाज हळू करतो, घाबरलेल्या पेशंटशी बोलतो तसा. एक दिवस एक माणूस टेप घेऊन माझ्या खोलीत येऊन गेला. केतकी म्हणाली, "आई, खिडकीला डासांची जाळी बसवायचीय." मग तो भिंतीकडं का बघत होता? मी केतकीची पर्स तपासली. काही सापडलं नाही. सराईत माणूस माल जवळ ठेवत नाहीच.

तशात डॉ. मुल्लांची महिन्याची तपासणी आली. त्या पडद्यावर दिसतात, दवाखान्यात जावं लागत नाही.

"काकू, औषध अगदी हवं तेवढं येतंय अंगात," त्या म्हणाल्या. "उलट कांकणभर जास्तच. नियमित घेताय, छान."

मी रोज थुंकत होते. मग औषध अंगात आलं कुठून?

याला उत्तर एकच होतं. भिंतीवरची गोळी नुसती दाखवायची होती. खरं औषध ही दोघं दुसऱ्याच कशातून तरी माझ्या पोटात घालत होती.

मी शिस्तीत तपासाला लागले. गाडी तपासताना पुढच्या दारापासून मागच्या बाकापर्यंत ओळीनं जायचं असतं, मधली ओळ सोडायची नाही. आधी मी माझा स्वयंपाक वेगळा केला. पट्टीवरही तो आकडा बारीक उमटतो, आधी मी तो कधी बघितला नव्हता; तो हलला नाही. मग पीठ, तिखट, मीठ नवं आणून कुलपात ठेवलं. आकडा तोच. मग कोपऱ्यावरच्या हातपंपाचं पाणी कळशीनं आणायला लागले. एक दिवस कडक उपास केला. साबण बदलला, खोबरेल बदललं, उशीचे अभ्रे स्वतः धुतले, केतकीनं देवापुढं लावलेली उदबत्ती चिमटीनं विझवली. आकडा तसाच. घरातली एकेक वस्तू तपासली आणि एकच सोडली, ती माझी बामची डबी. ती या घरात कुणाला ठाऊकच नव्हती. जिचा कुणाला पत्ता नाही तिच्यात कोण काय घालणार?

जसजसा आकडा हलत नव्हता तसतशी माझी खात्री पक्की होत गेली. एवढ्या शिताफीनं विष घालणारी माणसं साधी नसतात.

एका दुपारी केतकीनं मला तिची पिशवी पलंगावर उलटी करताना पाहिलं.

"आई, काय शोधताय?"

"तुला म्हाईत आहे."

"नाही माहीत. तुम्ही सांगा, मी स्वतः काढून देते."

"एवढं गोड बोलायला कुणी शिकवलं तुला?"

ती तिथंच उभ्या उभ्या रडायला लागली. रडणारी माणसं मी गाडीत पुष्कळ बघितली होती. मी पिशवीतलं सगळं तसंच टाकून खोलीत निघून गेले.

माझी चिडचिड वाढली म्हणून त्या दोघांनी डॉ. मुल्लांना कळवलं. डॉक्टरांनी मात्रा वाढवली. आता दुपारीही गोळी यायला लागली, आणि आधीपेक्षा मोठी. ती पण हिरडीआड बसली.

मग एक दिवस गच्चीवर वाळलेले कपडे काढताना केतकीचा फोन माझ्या कानावर आला. ती जिन्यात बसून हळू आवाजात बोलत होती. "एकटीसाठी खोली मिळेल का? हो, लगेच. नाही, घरी अजून सांगितलेलं नाही कुणाला."

मला रेखा आठवली. व्हरांड्यातली खुर्ची आठवली. मी कपडे तिथंच ठेवले, खोलीचं दार लावलं आणि ज्येष्ठांच्या न्यायाधिकरणाकडे तक्रार केली. आता ते फोनवर नुसतं बोलून होतं. पलीकडून एक यंत्र प्रश्न विचारतं, आपण उत्तरं द्यायची. मुलगा आणि सून मला नकळत औषध देऊन वेडी ठरवत आहेत, मला घराबाहेर काढणार आहेत, असं मी सांगितलं. यंत्रानं मला परिणाम वाचून दाखवले. सुनावणी सुरू झाली की चौकशी संपेपर्यंत दोघांना घर सोडावं लागेल. मुलगा डॉक्टर असल्यानं दवाखान्याला सील लागेल. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं जाईल. सुनावणीच्या आधी तक्रार मागे घेता येईल, नंतर नाही. "मान्य आहे का?" मी म्हणाले, मान्य आहे.

नोटीस आली तेव्हा धैर्यशील पेशंट सोडून आत आला.

"आई, तुला खरंच असं वाटतं?"

"वाटत न्हाई. मला म्हाईत आहे."

तो माझ्याकडं बघत राहिला. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो परत दवाखान्यात गेला, आणि मी खोलीत जाऊन खूप रडले. एकुलतं एक लेकरू माझं. मी मुक्कामाच्या गाडीवर असायचे तेव्हा वडिलांच्या कुशीत झोपलेलं, सकाळी माझ्या खाकी साडीचा वास घेत बिलगणारं. त्याच्यावर मी तक्रार केली होती, आणि ती खरी होती. मला त्याचं जास्त वाईट वाटत होतं की ती खरी होती.

सुनावणीच्या आदल्या दिवशी माझी हिरडी सुजली. गाल टम्म. घास चावेना, बोलता येईना. उद्या मला बोलायचं होतं. गावात दुसरे दातांचे डॉक्टर होते, पण ते सगळे धैर्यशीलचेच दोस्त. त्यापेक्षा डोळ्यांसमोरचा संशयित बरा, असा हिशेब करून मी पुढच्या दारानं दवाखान्यात गेले आणि बाकीच्या पेशंटांबरोबर बाकावर बसले. माझा नंबर आल्यावर धैर्यशीलनं मला बघितलं. मग त्यानं उरलेल्या लोकांना परत पाठवलं.

"बस," तो म्हणाला.

"सुई टोचायची न्हाई. काय लावशील ते आधी दाखवायचं."

"दाखवतो. आ कर."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यासमोर तोंड उघडलं. त्यानं दिवा जवळ ओढला, आरसा गालाआड घातला आणि थांबला. मी त्याच्या डोळ्यांवर नजर ठेवून होते. ते बराच वेळ हलले नाहीत.

"मशेरी," तो म्हणाला. "किती वर्षं?"

मी छताकडं बघितलं.

"आणि हे निळं काय आहे?"

मी आरसा बाजूला सारून उठायला लागले. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आई, मी रागावत नाहीये. मला फक्त सांग. तू गोळी इथं ठेवतेस? गिळत नाहीस?"

चोरी पकडल्यावर माणूस एकतर ओरडतो नाहीतर सगळं सांगून मोकळा होतो. मी आधी ओरडले आणि मग सांगितलं. गिळत न्हाई, थुंकते, तुमचा डाव मला कळलाय, म्हणून तुम्ही अन्नातनं घालताय. तो ऐकत असताना खुर्चीच्या हाताला धरून खाली बसला. मग त्यानं केतकीला बोलावलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर डॉ. मुल्लांना.

सगळं ऐकून घेतल्यावर डॉ. मुल्लांनी मलाच विचारलं, "काकू, शेलारकाकांना छातीत दुखायचं तेव्हा जिभेखाली ठेवायची एक गोळी होती ना?"

"होती."

"ती ते गिळायचे का?"

"न्हाई. गिळायची न्हाई, असं तुम्हीच सांगितलं होतं."

"कारण गिळली तर जवळजवळ वाया जाते. पोटातून आणि आतड्यातून निघालेलं रक्त आधी यकृतात जातं. यकृत आलेल्या औषधाची मोडतोड करतं, रूप बदलतं, आणि मगच पुढं सोडतं. जिभेखालचं, हिरडीचं रक्त त्या वाटेनं जात नाही. ते सरळ हृदयाकडे आणि तिथून मेंदूत."

"म्हंजे गिळलेली गोळी स्टँडवर थांबून जाणारी गाडी," मी म्हणाले. "जुने प्रवासी उतरणार, नवे चढणार. आणि हिरडीतली विनाथांबा."

"अगदी तसंच. आणि सौम्यक मुद्दाम स्टँडवर थांबणारी बनवलीय. गोळीत असतं ते कच्चं औषध. यकृत त्याचं जे रूप करतं ते माणसाला शांत करतं. कच्चं औषध तसंच मेंदूत गेलं तर उलटं होतं. मेंदूत धोका ओळखणारा एक भाग आहे, तो सतत जागा राहतो. सुरुवातीला उंदरांना हे टोचून दिलं होतं. ते पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाठ लावून बसायचे आणि ज्यांच्याबरोबर वाढले त्यांनाच जवळ येऊ द्यायचे नाहीत. म्हणून तर ती गिळायची गोळी केली."

"आणि ही?" मी मनगट वर केलं.

"पट्टी दोन्ही रूपं एकत्रच मोजते. आकडा बघून मला वाटलं तुम्ही गिळताय. तंबाखूनं तुमची हिरडी सोललेली, त्यामुळं ते आणखी भराभर शोषलं जात होतं. आणि वरून मी मात्रा वाढवली. माझं चुकलं, काकू. मी तुमचं तोंड एकदा तरी बघायला हवं होतं."

माझं मन मात्र भराभर चाललं होतं. गोष्ट किती व्यवस्थित जुळत होती. सुनावणीच्या आदल्याच दिवशी. कुणाचा दोष नाही, सगळा दोष माझ्या मशेरीचा. असं व्यवस्थित जुळणारं मी पुष्कळ ऐकलं होतं, पाकीट मारलं गेलं, तिकीट वाऱ्यानं उडालं, लेकरानं खाल्लं.

"मग आता काय करायचं?" मी विचारलं.

"एकदम बंद करता येणार नाही, झटके येऊ शकतात. हळूहळू कमी करू. तोवर नीट पाण्याबरोबर गिळा. तुमचा संशय निवेल, काकू. दोन दिवसांत तुम्हालाच पटेल."

"तेच तर," मी म्हणाले. "गिळली की मला सगळंच पटणार. तुम्ही खरं बोलत असाल तरी पटणार आणि खोटं बोलत असाल तरी पटणार. रेखाला पटलं तसं."

डॉ. मुल्लांनी मान डोलावली. हुशार बाई आहे. तिला कळलं की मी वेड्यासारखं बोलत नाहीये. गिळली तर माझा विश्वास गोळीचा, हिरडीत ठेवली तर माझा संशय गोळीचा. माझं स्वतःचं असं मत कुठं उरलंच नव्हतं, आणि उद्या सकाळी मला ते सांगायचं होतं.

मग मी धैर्यशीलकडं वळले. "तू ठेव."

"काय?"

"माझी गोळी, माझी मशेरी. माझ्या हातची. माझ्यासमोर हिरडीत ठेव. तुझं काय हुतंय ते मी बघते."

"अजिबात नको," डॉ. मुल्ला म्हणाल्या. "सवय नसलेल्या माणसाला पहिल्याच वेळी फार जोरात लागेल."

केतकीनं त्याचा हात धरला. "धैर्य, उद्या रक्त तपासणार आहेत सगळ्यांचं. तुझ्या रक्तात हे सापडलं तर काय अर्थ काढतील? दवाखाना जाईल."

तो तिच्याकडं बघून म्हणाला, "माहीत आहे मला." मग त्यानं पडदा बंद केला आणि मला म्हणाला, "आण."

मी आत जाऊन गोळीबाईकडून दुपारची गोळी घेतली. कपाटातली डबी काढली. परत आले तर तो पेशंटच्या खुर्चीत बसला होता. तंबाखूच्या नावानं गावभर शंख करणारा माझा मुलगा, त्यानं माझ्या बोटावरची चिमूट घेतली, गोळीबरोबर हिरडीत सारली आणि तोंड वाकडं केलं.

"हे तू रोज खातेस?" तो म्हणाला. केतकी हसली नाही. मीही नाही.

मी समोरच्या स्टुलावर बसले. आधी बराच वेळ तो नेहमीसारखा होता. कपाळाला घाम आला, उमासा आल्यासारखं झालं, मग तेही थांबलं. मग तो बोलायचा बंद झाला आणि त्याची नजर दाराकडं गेली.

"दार कुणी लावलं?"

"आधीपासूनच लावलेलं आहे," केतकी म्हणाली.

"मुल्ला मॅडम ऐकतायत का अजून?"

"पडदा तूच बंद केलास ना."

"मी केला?" तो खुर्चीत उठून बसला. "केतकी, तू रोज जिन्यात बसून कुणाशी बोलतेस?"

ती पांढरीफटक पडली. मग खाली बघत म्हणाली, "बायकांच्या वसतिगृहात. खोली विचारत होते. एकटीसाठी. मला इथं राहवत नव्हतं रे. आई रोज माझं सगळं उलटंपालटं करायच्या आणि तू म्हणायचास थोडं सहन कर. मी जाणार होते. आधी नक्की ठरवून मग सांगणार होते."

ती खोली माझ्यासाठी नव्हतीच. माझ्या घरातून कुणीतरी जाणार होतं हे मी बरोबर ओळखलं होतं. कुणामुळं, ते ओळखलं नव्हतं. मला तिच्याकडं बघवेना.

धैर्यशीलनं ते ऐकलं, पण ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही. त्याचे डोळे बारीक झाले होते आणि ते आता माझ्यावर होते.

"आणि तू," तो म्हणाला. "तू हे ठरवूनच आलीस. सुनावणीच्या आदल्या दिवशी. हिरडी दुखतीय म्हणून. तुला माहीत होतं रक्त तपासणार. माझ्या रक्तात तुला हे घालायचं होतं."

"न्हाई लेका."

"मग रक्ताचं ऐकल्यावर गप्प का बसलीस? तक्रार केलीस तेव्हाच तुला सगळं वाचून दाखवलं असेल. दाखवलं का नाही?"

दाखवलं होतं. तो बोलत होता त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. एकेक जोडून त्यानं जे उभं केलं होतं ते माझ्या तक्रारीइतकंच पक्कं होतं. कुणी तिऱ्हाईत तिथं असता तर त्याला पटलं असतं. मीच क्षणभर विचारात पडले की मी खरंच हे ठरवून केलं का.

मी ग्लासात पाणी आणलं. "चूळ भर. थुंकून टाक."

त्यानं ग्लास घेतला नाही. आधी ग्लासाकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं, मग परत ग्लासाकडं. "तिथं ठेव," तो म्हणाला, "आणि मागं हो." माझ्या पोटच्या पोरानं मला मागं हो म्हटलं. त्याला एवढी भीती वाटत होती ती माझी. या घरात एवढे दिवस त्या दोघांनी माझ्या तोंडावर रोज हेच बघितलं असणार, आणि तरी ती जेवण वाढत होती, आणि तो गोळीची वेळ विचारत होता.

माझ्या आतला आवाज बंद झाला नव्हता. तो सांगत होता, नाटक आहे, उत्तम नाटक आहे, नवरा-बायकोनं बसवलेलं, डॉक्टरीण सामील. सकाळची गोळी अजून अंगात होती, तेव्हा तो तसं सांगणारच. तो आवाज खरा की खोटा हे मला आज कळणार नव्हतं. उद्या सकाळीही कळलं नसतं. फक्त एवढं दिसत होतं की माझ्या मुलाचा दवाखाना, घर, बायको सगळं पणाला लागलेलं असताना मी म्हटलं म्हणून त्यानं ते तोंडात घातलं होतं. मी कुणासाठी तसं केलं नसतं.

मी फोन काढला आणि न्यायाधिकरणाला लावला. यंत्रानं तक्रार ओळखली.

"तक्रार मागे घ्यायची आहे का?"

"घ्यायची आहे."

"आपल्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"न्हाई."

"आता आपला घरच्यांवर विश्वास आहे का?"

केतकी माझ्याकडं बघत होती. खुर्चीतून तोही बघत होता.

"न्हाई," मी म्हणाले. "विश्वास न्हाई. तरी मागं घ्या."

यंत्रानं प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, मी दुसऱ्यांदा तेच सांगितलं. मग तक्रार रद्द झाल्याचा संदेश आला.

"काय केलंस?" धैर्यशीलनं विचारलं. "खरंच मागं घेतलीस? का आणखी काही लावलंस? दाखव."

मी होते तिथंच थांबले, जवळ गेले तर तो आक्रसला असता. हात लांब करून फोन त्याच्याकडं दिला. त्यानं तो झडप घालून घेतला, संदेश वरपासून खालपर्यंत वाचला, परत वरपासून वाचला. मग फोन छातीशी धरून तो खुर्चीत एका बाजूला सरकून बसला. संध्याकाळपर्यंत औषध उतरेल, केतकी हळूच म्हणाली. मी मान हलवली. त्यानं फोन परत दिला नाही, आणि मी मागितला नाही.